दिवेलागणीचं ताट

९ नोव्हेंबर

पाटी लागली. 'दयाची चूल'. मार्कने पाटीवर काढलेला कोंबडा बदकासारखा दिसतो, पण नवऱ्याने खपून काढलाय म्हटल्यावर मी तोंड मिटून घेतलं. नगरला बोर्डिंगच्या मेसमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना पातळ वरण वाढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज स्वतःच्या चुलीपुढे उभी राहिले आणि डोळे भरून आले. धुराने आले, असं राहीमावशींना सांगितलं.

जागा रंगनाथतात्यांची. देवळाली प्रवराच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, मागे त्यांचाच ऊस, आणि उसाच्या कडेने पलीकडच्या वस्तीवर जाणारा बांध. राहीमावशी दुपारी त्या बांधाने येतात, संध्याकाळच्या भाकऱ्या थापतात आणि दिवेलागणीला त्याच बांधाने परत जातात. वस्तीवर त्या आणि त्यांची सून चांगुणा, दोघीच. मुलगा ट्रकवर असतो.

माझा एकच नियम आहे. ताटात येईल ते याच शिवारातलं. बाजरी तात्यांची, वांगी कानिफनाथभाऊंच्या मळ्यातली, कोंबड्या वस्तीवरच्या बायकांच्या, मासे कालव्यातले. कुणाचं काय ते फळ्यावर नावानिशी लिहायचं. कानिफनाथभाऊ बराच वेळ फळ्यापुढे उभे राहिले आणि मग चुलतभावांना घेऊन जेवायलाच बसले. म्हणाले, "वहिनी, मह्याच वांग्याचं भरीत मी इकत घेऊन खातोय. घरी कळलं तर बायको हाकलून देईल."

१५ नोव्हेंबर

शेड रोज भरते. जेवण झालं तरी माणसं उठत नाहीत. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची मोटार जळली, सगळं इथेच कळतं. तात्या आणि कानिफनाथभाऊंची खाट ठरलेली आहे, तिच्यावर दुसरं कुणी बसलं तर दोघे उभ्या उभ्या खाकरतात. मला हे सगळं फार आवडतं. बोर्डिंगमध्ये पोरं माझं तोंडही न बघता ताट पुढे करायची.

२० नोव्हेंबर

अमावास्या. बांधावर, उसाच्या तोंडाशी, तात्यांचा म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड. दर अमावास्येला तात्या त्याला कोंबडीचा निवद ठेवतात. आज घरी सून आजारी, म्हणून माझ्या चुलीवरचं ताट मागितलं. मागताना जरा अवघडले होते. "दया, तू चर्चात जानारी. तुला चालंल का?"

मी म्हटलं, "जागा तुमची, देव तुमचा, रस्सा माझा. त्यात न चालण्यासारखं काय?"

ते खुश झाले. गावातला करण जेवायला आला होता, त्याने मोबाईलवर ताटाचा, दगडाचा, धुराचा व्हिडिओ काढला. २१ला सकाळी पुढे लिहितेय: ताट चाटूनपुसून स्वच्छ. तात्या म्हणाले, देवाला तुझा हात आवडला.

२५ नोव्हेंबर

करणचा व्हिडिओ कुठल्या कुठे गेलाय. श्रीरामपूरहून, राहुरीहून गाड्या येतात आणि उतरल्या उतरल्या विचारतात, म्हसोबाचं ताट कधी ठेवणार? शिंगणापूरला दर्शन करून परतणारेही वाट वाकडी करून थांबतात. मग मी ठरवलं, रोज ठेवायचं. दिवेलागणीला, पहिलं ताट. मार्कने पाटीवर लिहून टाकलं, 'पहिलं ताट म्हसोबाचं'.

तात्यांनी जरा डोकं खाजवलं. "आपन रोज न्हाई ठेवत. आमुशाला ठेवतो." मग खाटांवरची गर्दी बघून म्हणाले, "पर देवाचं रोज नाव निघतंय, त्यात वाईट काय?"

राहीमावशी पिठाच्या हाताने तशाच बसून होत्या. "रोज ताट मांडलं की येनाराला सवय लागती," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, सवय लागावी म्हणूनच तर धंदा काढलाय. त्या हसल्या नाहीत. मावशींचं हे असंच आहे, चांगल्या दिवशी तोंड पाडून बसायचं.

२८ नोव्हेंबर

काल मार्गशीर्षातला गुरुवार, कोंबडीला सुट्टी. हुलग्याचे शेंगोळे केले होते, ताटात तेच ठेवले. आज सकाळी बघते तर ताट जसंच्या तसं, मुंग्या लागलेल्या. तात्यांना म्हटलं, तुमच्या देवाला माझे शेंगोळे आवडले नाहीत. खाटेवर सगळे पोट धरून हसले.

शेडमागे दोन कुत्री होती, हाडांवर जगणारी. परवापासून दिसत नाहीत. नगरपालिकेच्या गाडीने नेली म्हणावं तर ती इथे मळ्यात कशाला येईल?

६ डिसेंबर

कानिफनाथभाऊंची शेळी गेली. दाव्यासकट. मोटारीपाशी पाणी सांडून चिखल झालाय, त्यात माझ्या तळहाताएवढं पावलाचं ठसठशीत चिन्ह. मी ते पायाने पुसलं. का पुसलं ते माहीत नाही. गिऱ्हाइकं हात धुवायला तिथेच जातात म्हणून असेल.

बिबट्याचं इथे कुणाला नवल नाही. उसात ते असायचेच, माझ्या लहानपणापासून ऐकतेय. पण आजूबाजूच्या मळ्यांना तोड आली, शेतं उघडी पडली, आणि उभा राहिलाय तो तात्यांचा ऊस. कारखान्याची टोळी इथे कधी येणार ते तात्यांनाही सांगता येत नाही.

राहीमावशी आता जाताना स्टीलची थाळी आणि पळी घेऊन जातात, बांधभर वाजवत. मी चेष्टा केली, मावशी, वरात कुणाची? म्हणाल्या, "महीच. जिवंत हाय तवर वाजवून घेती."

१३ डिसेंबर

आज मी त्याला पाहिला.

ताट ठेवायला मीच गेले होते. तात्यांचे गुडघे दुखतात, म्हणून हल्ली मीच जाते. म्हसोबाच्या दगडामागे, ऊस आणि बांध यांच्या मधल्या गवतात तो बसला होता, भाकरीची वाट बघत मांजर बसतं तसा. उठला नाही, गुरगुरला नाही. माझ्या हातातल्या ताटाकडे बघत होता. मी ताट खाली ठेवलं आणि मागे मागे सरकत आले. पाठ फिरवली नाही, एवढं सुचलं.

खरं लिहायचं तर भीतीबरोबर आणखी एक गोष्ट होती. तो माझी वाट बघत होता. उशीर केला म्हणून रागावल्यासारखा बघत होता. मला त्याचं जरा कौतुकच वाटलं, आणि त्या कौतुकाची आता लाज वाटतेय.

१४ डिसेंबर

रविवार. उपासनेत माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी गर्दी व्हायच्या आधी खाटेवरच्यांना सांगितलं.

कानिफनाथभाऊंना कळलेलंच होतं. शेळी गेली तेव्हापासून ते गप्प होते. "वहिनी, ह्ये भाईर काढू नका. वनखात्याला कळलं की पिंजरा येतोय, पिंजऱ्यामागं टीव्हीवाले. मंग हितं जेवाया कोन येतंय? तुमची चूल इझंल."

तात्या म्हणाले, "आन पोट भरल्यालं जनावर मानसाच्या वाटंला जातंय कशाला? देवाच्या दारात खातंय, खाऊ दे."

चुलीपाशी भाकरी थापता थापता राहीमावशी म्हणाल्या, "पोट रोज भराया लागतं, तात्या. आन बांधानं जायचंय मला, तुमाला न्हाई."

मार्क म्हणाला, मी मावशींना दुधाच्या टेम्पोने सोडत जाईन. रस्त्याने वळसा पडतो, पण हरकत नाही. त्यावर सगळ्यांना बरं वाटलं आणि जेवणाची ताटं वाढली गेली. मीही कामाला लागले. वनखात्याला फोन करावा असं दिवसभर मनात होतं. केला नाही. कुणी विचारलं तर सांगेन, असं ठरवलंय.

२६ डिसेंबर

काल नाताळ. चूल बंद, आम्ही दोघं दिवसभर चर्चात आणि मग सासरी. ताट ठेवायला कुणी नव्हतं.

आज सकाळी आले तर शेडमागच्या खुराड्याची जाळी फाटून लोंबत होती. कोंबड्या संपलेल्या, पिसं रस्त्यापर्यंत. शेडच्या पत्र्यावर ओरखडे, दाराच्या कडीपाशी. कडीपाशीच का, हा विचार मी केला आणि सोडून दिला. मार्क बराच वेळ त्या ओरखड्यांवर हात ठेवून उभा होता.

संध्याकाळी मी ताट ठेवलं. नेहमीपेक्षा भरून ठेवलं.

३ जानेवारी

हुरड्याचे दिवस. नगरच्या गाड्या दुपारपासून रांगेने उभ्या. कोवळा हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी, मग रात्रीचं जेवण. हात कमी पडतात. मार्कचा टेम्पो दिवसभर माणसं आणि माल आणतोय, त्यामुळे मावशींना सोडायला या आठवड्यात जमलंच नाही. त्या थाळी वाजवत जातात. जाताना मी चांगुणेसाठी डब्यात रस्सा देते. तेवढं तरी करते.

आज आमचं भांडण झालं. मार्क म्हणाला, "आपण त्याला पाळलाय, दया. दारात बोलावून पाळलाय. आजपासून ताट बंद."

मी पुष्कळ बोलले. लोक काय म्हणतील, तात्यांना काय वाटेल, ख्रिस्ती बाईने आमच्या देवाचा निवद बंद केला असं गावात होईल. तो म्हणाला, अमावास्येला ठेवू दे की तात्यांना, कोण अडवतंय? त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. शेवटी मान्य केलं. नवीन कोंबड्या आता शेडच्या आत कोंडतो, जाळी पक्की केली आहे. इथे खायला काहीच मिळालं नाही की जाईल तो दुसरीकडे. जनावरच आहे, त्याला काय एवढा जीव लागलाय माझ्या रश्शाचा.

४ जानेवारी

ताट ठेवलं नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर तात्यांनीच सांगितलं, आता फक्त आमुशाला. मला वाटलं होतं तसं ते रागावले नाहीत. राहीमावशी किती दिवसांनी हसल्या. "बरं केलंस, बाई," म्हणाल्या.

मागे काही हालचाल नाही. एकदाच उसात मोर ओरडले, बराच वेळ. मार्कने माझ्या पाठीवर हात ठेवला. सुटलो एकदाचे.

५ जानेवारी

आजही शांत. डोक्यावरचा भारा उतरावा तसं हलकं वाटतंय. मावशी निघताना गर्दी होती, रस्सा भरून डबा त्यांच्या हातात दिला. त्यांचा एक हात डब्याने अडला, थाळी वाजवायला हात कुठून आणणार म्हणून त्यांनी थाळी इथेच ठेवली. "आता काय गरज हाय?" म्हणाल्या. मीही म्हटलं, नाहीच.

६ जानेवारी

मावशी काल घरी पोचल्याच नाहीत.

चांगुणा बॅटरी घेऊन बांधाने शोधत इथवर आली, तेव्हा आम्ही भांडी आवरत होतो. डबा आधी सापडला. म्हसोबापाशी, उघडा, चाटून स्वच्छ केलेला. मावशी उसात आत होत्या. मार्कने मला पुढे जाऊ दिलं नाही.

ताट बंद केलं, आणि त्याच्या वेळेला, त्याच्या जागेवरून, हातात माझं जेवण घेऊन मावशी गेल्या. एवढं साधं मला कळलं नाही. नाताळानंतरचे ओरखडे मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

८ जानेवारी

वनखात्याचे साहेब आले. बरोबर दोन रक्षक. पत्रा, खुराडा, मोटारीजवळचा चिखल सगळं बघितलं. मग खाटेवर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "इथं मागं काही टाकत होता का? कोंबड्यांचं उरलंसुरलं? जेवण? खरं सांगा. खायची सवय लागलेलं जनावर असेल तर पिंजरा कुठं लावायचा ते त्यावर ठरतं."

कानिफनाथभाऊ माझ्या आधी बोलले. "न्हाई, साहेब. आमी सारं खड्ड्यात पुरतो."

तात्या म्हणाले, "न्हाई."

गावचे आणखी चार जण उभे होते, माझ्या हातचं जेवलेले, ताट ठेवताना मोबाईल उंच धरलेले. त्यांनीही माना हलवल्या. पाटीवरची ती ओळ मार्कने आदल्या दिवशीच रंग फासून झाकली होती. करणने व्हिडिओ काढून टाकलाय, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही."

मग आला कुठून, असं त्यांनी विचारलं. ओढ्याकडून, असं कानिफनाथभाऊंनी सांगितलं. पिंजरा ओढ्याकडे लागला, रस्त्याच्या पार पलीकडे, आत बांधलेल्या शेळीसकट.

ते गेल्यावर कानिफनाथभाऊ मला समजावत होते. "वहिनी, खाऊ घालत हुतो म्हनलं असतं तर चांगुनीला सरकारची मदत अडली असती. तिच्यासाठी केलं आपन." तात्या दगडाकडे बघत म्हणाले, "आन देवाच्या निवदाला वाघाचा निवद म्हनायचं व्हय आता?" दोघेही वाईट माणसं नाहीत. मावशींच्या मातीला सगळ्यात आधी तेच पोचले, चांगुणेच्या घरी दाणे त्यांनीच टाकले. मी त्यांच्याबरोबर बसून चहा प्यायले.

१२ जानेवारी

पिंजरा रिकामा. शेळी ओरडते, ती इथवर ऐकू येते.

मार्क माझ्याशी कामापुरतं बोलतो. म्हणाला, साहेबांना फोन कर, नाहीतर मी करतो. मी म्हटलं, तू केलास तर मी खोटी ठरेन, आणि ही सगळी माणसं. ही माणसं गेली तर चूल कुणासाठी पेटवायची? तो म्हणाला, "राहीमावशी नाहीत, तरी पेटतेच की." मग दूध घालायला निघून गेला. फोन मी हातात घेतला, नंबर काढला, परत ठेवला. हे मी आता रोज करते.

१६ जानेवारी

वनखात्याने सांगितलंय, अंधाराच्या आत बंद करा. म्हणून आता दुपारचंच जेवण. तरी खाटा भरल्या. लोक मावशींबद्दल हळू आवाजात बोलतात आणि भाकरी मागून घेतात. भाकऱ्या माझ्या जाड होतात, ते कुणी बोलत नाही.

दुपारी चांगुणा आली. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, आत्यांची जागा मोकळी हाय. मला येत्यात भाकरी." तिचं वय काय असेल, पंचविशी. मी तिला आत घेतलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? परातीपुढे ती मावशींसारखीच बसली, एक गुडघा वर करून. भाकरी पातळ आणि फुगलेली. कानिफनाथभाऊंनी पहिल्या घासाला डोळे पुसले, खरंच पुसले.

आता ऊन उतरलंय. मार्क दुधाच्या टेम्पोवर आहे. तात्या आणि भाऊ हात धुवून खाटेवर पान लावत बसलेत, आणखी दोघं-तिघं आहेत. चांगुणेने परात धुतली, पदर खोचला आणि विचारलं, "ताई, बांधानं जाऊ का रस्त्यानं? रस्त्यानं लई लांब पडतंय."

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "बांधानं जा की. पिंजरा वढ्याकडं हाय. हिकडं काय न्हाई."

भाऊंनी मान हलवली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, चांगुणासुद्धा. मी म्हणाले, "जा."

ती गेली. मी आत येऊन हे लिहायला बसले, कारण हात काहीतरी करायला मागत होते. बाहेर पुन्हा बोलणं सुरू झालंय, कुणाच्या तरी तोडीचं. कुणी माझ्याकडे बघत नाही. त्यांच्या मनासारखं झालं, म्हणून बघत नाहीत.

बांध वळतो तिथवर ती अजून पोचली नसेल. हाक मारली तर तिला ऐकू जाईल, आणि इथे बसलेल्या सगळ्यांनाही ऐकू जाईल. का थांबवलं, ते मग त्यांच्यासमोर सांगावं लागेल.

वही ठेवते.